ऑफ-रोडला बाइकचा साइड स्टँड आपोआप खाली का येतो? तो घट्ट कसा ठेवायचा?

"ओ दादा, स्टँड!" सिग्नलला मागून अशी हाक ठाणे-डोंबिवलीत प्रत्येक बाइकवाल्याने कधी ना कधी ऐकलीच असेल. तिथे बहुतेक वेळा स्टँड वर घ्यायचा राहून गेलेला असतो. पण पावसाळ्यात मलंगगडाच्या पायथ्याच्या किंवा बारवी धरणाजवळच्या कच्च्या वाटेवर, वर घेतलेला स्टँडही चालत्या गाडीत खाली येऊ शकतो. असं का होतं, ते समजून घेऊया.

स्टँड वर कशाच्या जोरावर राहतो?

साइड स्टँडला कुलूप नसतं. त्याला वर धरून ठेवते फक्त स्प्रिंग. ही स्प्रिंग अशी बसवलेली असते की स्टँड मधला टप्पा ओलांडून वर गेला की ती त्याला वर खेचते आणि खाली गेला की खाली खेचते. स्प्रिंग सैल असेल तर जोरदार दणक्याने स्टँड मधल्या टप्प्यापर्यंत येतो. त्यापुढे मग तीच स्प्रिंग त्याला पूर्ण खाली ओढते.

ऑफ-रोड बाइकला हा त्रास जास्त का?

या बाइक उंच असतात. हीरो एक्सपल्स २०० आणि रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ या दोघींचा ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी आहे. गाडी उंच, म्हणून स्टँडही लांब आणि वजनदार. त्यात दगडांचे दणके आणि पिव्होटमध्ये, म्हणजे स्टँड ज्या बोल्टवर फिरतो तिथे, साचणारा चिखल.

धोका काय?

डाव्या वळणावर गाडी डावीकडे झुकते. खाली आलेला स्टँड तेव्हा जमिनीला टेकून गाडी उडवू शकतो. माळशेजसारख्या घाटात ही चूक महागात पडते. अनेक नव्या गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होतं. ही सोय चांगली आहे, पण चढावर चिखलात स्टँड अचानक खाली आला तर इंजिन तिथेच बंद पडतं आणि तोल जातो. म्हणून कुणी सेन्सर बायपास करायला सांगितलं तर करू नका. खरा बिघाड बहुधा स्प्रिंगमध्ये किंवा पिव्होटमध्ये असतो.

घरी काय तपासाल?

१. गाडी बंद करून मित्राला सरळ धरायला सांगा. स्टँड वर घ्या आणि हाताने थोडा खाली ओढून सोडा. तो झटकन परत वर गेला पाहिजे. रेंगाळला तर काम आहे.

२. पिव्होट ब्रशने आणि पाण्याने साफ करा, सुकू द्या, मग थोडं ग्रीस लावा. सेन्सरवर प्रेशर वॉशरचा फवारा थेट मारू नका.

३. स्प्रिंग गंजलेली किंवा ताणली गेलेली दिसली तर बदला. त्याच मॉडेलची घ्या. बसवताना ती जोरात सुटू शकते, त्यामुळे डोळे जपा किंवा मेकॅनिककडून बसवून घ्या.

४. स्टँड आडवा हलत असेल तर पिव्होटचा बोल्ट आणि नट तपासा. गरजेपेक्षा जास्त आवळला तर स्टँड अडकून बसतो.

रबरी पट्ट्याचं काय?

एंड्युरो शर्यतीच्या बाइकवर स्टँड रबरी पट्ट्याने बांधून ठेवतात. जुन्या ट्यूबचा तुकडाही चालतो, पण तो चेसिसच्या न हलणाऱ्या भागाला बांधा. चेनला लागता कामा नये. तार वापरू नका, ती पटकन सुटत नाही. पट्टा फक्त कच्च्या वाटेपुरता. गाडी लावण्याआधी तो काढायला विसरलात तर गाडी सरळ आडवी होईल. आणि पट्टा हा खराब स्प्रिंगवरचा उपाय नाही.

चिखलात गाडी लावताना?

स्टँडखाली चपटा दगड किंवा फळी ठेवा, नाहीतर तो जमिनीत रुततो. उतारावर गाडीचं तोंड चढाच्या दिशेने ठेवा आणि पहिला गिअर टाका. सस्पेन्शन उंच करून घेतलं असेल तर स्टँडही लांब लागतो. एक्सपल्सच्या रॅली किटमध्ये म्हणूनच लांब स्टँड दिला होता.

पावसाळी राइडला निघण्याआधी चेन आणि टायर आपण बघतोच. त्यात स्टँड ओढून बघण्याचे दहा सेकंद वाढवा.