सर्वांत मोठा खेळाडू कोण?

परवा रविवारी जेवणं झाल्यावर आमच्याकडे वाद पेटला. विषय : आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण? नातू म्हणाला, फेल्प्स. तेवीस सुवर्णपदकं आहेत आजोबा, विषय संपला. चिरंजीव अर्थातच सचिनवर अडून बसले. सूनबाईंनी सेरेनाचं नाव घेतलं. सौ. स्वयंपाकघरातून ओरडली, "आमच्या उषाला विसरू नका, एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक हुकलं तिचं!" मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, जिम थॉर्प. सगळे एकदम गप्प. नातवाने मोबाईल काढला आणि विचारलं, "हा कोण?"

मंडळी, त्याला तेव्हा पाच मिनिटांत जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो आहे. शेवटी एक गोष्ट माझीही आहे. ती घरात कोणाला सांगितलेली नाही.

जिम थॉर्प हा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी. आमच्या वेळच्या पुस्तकांत त्यांना 'रेड इंडियन' म्हणत. सॅक अँड फॉक्स ही त्याची जमात. जन्म १८८७ च्या सुमाराचा, आजच्या ओक्लाहोमा राज्यातला. सतराअठरा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघंही गेले होते. सरकारने अशा मुलांसाठी पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे निवासी शाळा काढली होती. शाळा म्हणायची, पण तिथे आल्याआल्या मुलांचे केस कापत, कपडे बदलत आणि घरची भाषा बोलायला बंदी असे. मुलाला 'सुधारायचं' म्हणजे त्याचं मूळ पुसून टाकायचं, असा तो विचार. मी आयुष्यभर शाळेत काढलं, पण असल्या शाळेबद्दल वाचताना अंगावर काटा येतो.

त्या शाळेत ग्लेन वॉर्नर नावाचे क्रीडाशिक्षक होते. सगळे त्यांना 'पॉप' म्हणत. गोष्ट अशी सांगतात की १९०७ मध्ये मुलं उंच उडीचा सराव करत होती. थॉर्प तिथून कामाच्या कपड्यांतच चालला होता. "मी बघू का उडी मारून?" म्हणाला आणि कोणाला न जमलेली उंची पार करून निघून गेला. मग वॉर्नरनी त्याला सोडला नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९११ साली या छोट्या शाळेने हार्वर्डला १८-१५ असं हरवलं, पुढच्या वर्षी लष्करी अकादमीच्या संघाला. त्या लष्करी संघात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण होता. पुढे तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

आता १९१२ चं स्टॉकहोम ऑलिम्पिक. थॉर्प पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशा दोन स्पर्धांत उतरला. पेंटॅथलॉनमध्ये पाच प्रकार, त्यातले चार त्याने जिंकले. उरला तो भाला, त्यात तिसरा आला. डेकॅथलॉन म्हणजे दहा प्रकार : शंभर, चारशे आणि पंधराशे मीटर धावणं, अडथळ्यांची शर्यत, लांब उडी, उंच उडी, बांबूउडी, गोळा, थाळी, भाला. वेगाने पळणारा गोळा टाकण्यात मागे पडतो आणि गोळेवाला पंधराशे मीटरला धापा टाकतो. म्हणून तर ही स्पर्धा कठीण. थॉर्पने त्यात ८४१२ गुण मिळवले. दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो विस्लांडर जवळजवळ सातशे गुणांनी मागे होता. असंही सांगतात की मध्येच थॉर्पचे बूट चोरीला गेले आणि त्याने कुठून तरी मिळवलेले दोन वेगवेगळे बूट घालून भाग घेतला. त्याच्या एका फोटोत दोन पायांत दोन तऱ्हेचे मोजे खरोखरच दिसतात.

बक्षीस देताना स्वीडनचा राजा पाचवा गुस्ताव त्याला म्हणाला, "तुम्ही जगातले सर्वांत मोठे खेळाडू आहात." निदान तशी आख्यायिका आहे. म्हणजे आमच्या घरात रविवारी जो वाद झाला, त्याचा निकाल एका राजाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच देऊन टाकला होता!

पण निकाल टिकला नाही.

जानेवारी १९१३ मध्ये एका वर्तमानपत्राने छापलं की थॉर्प १९०९ आणि १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात थोडेसे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. तेव्हा ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी असे. ज्याने खेळून पैसे घेतले तो बाद, मग तो खेळ दुसराच का असेना. कॉलेजची बरीच मुलं उन्हाळ्यात असं खेळत, पण खोट्या नावाने. थॉर्प आपल्या खऱ्या नावाने खेळला. तेवढाच त्याचा अडाणीपणा!

दोन्ही पदकं परत घेतली गेली. त्याचं नाव निकालपत्रकातून काढून टाकलं. नियम तर असा होता की हरकत घ्यायची ती स्पर्धा संपल्यावर तीस दिवसांच्या आत. इथे सहा महिने होऊन गेले होते. ज्या नियमाने त्याला काढलं तो पाळला, आणि ज्या नियमाने तो वाचला असता तो कोणी उघडूनही पाहिला नाही.

आणि वॉर्नर? त्यांनी हात वर केले. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं म्हणाले. दोन वर्षं आपला सर्वांत चांगला खेळाडू कुठे होता हे गुरुजींना ठाऊक नव्हतं, यावर पुष्कळ अभ्यासकांचा विश्वास बसत नाही. थॉर्पच्या नावाने माफीचं एक पत्र गेलं. त्याचा आशय असा की मी साधा शाळकरी मुलगा, मला हे नियम कळत नव्हते. त्या पत्रामागे वॉर्नरचा हात असावा, असं मानतात. गुरुजींची नोकरी राहिली, शाळेचं नाव राहिलं, पदकं पोराची गेली.

पुढे थॉर्प न्यूयॉर्क जायंट्सकडून बेसबॉल खेळला, कँटनच्या संघातून फुटबॉल खेळला. १९२० मध्ये व्यावसायिक फुटबॉलची जी संघटना निघाली (पुढे तीच एन. एफ. एल. झाली), तिचा तो पहिला अध्यक्ष होता. खेळ संपल्यावर मात्र हाल झाले. मिळेल ते काम केलं, खड्डे खणले, सिनेमात बारीकसारीक भूमिका केल्या, दारूही आली. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसने क्रीडापत्रकारांचा कौल घेतला, तेव्हा अर्ध्या शतकातला सर्वांत मोठा खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. पदकं मात्र तेव्हाही परत मिळाली नाहीत. १९५२ ते १९७२ या काळात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष होते ॲव्हरी ब्रंडेज. हे गृहस्थ स्टॉकहोमला याच दोन्ही स्पर्धांत थॉर्पविरुद्ध उतरले होते आणि हरले होते. त्यांच्या कारकिर्दीत काही झालं नाही. थॉर्प २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात वारला.

१९८२ मध्ये समितीने त्याला विजेता मानलं, पण 'संयुक्त' विजेता. दुसऱ्या वर्षी त्याच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती दिल्या. एकट्याचं नाव पहिल्या जागी यायला जुलै २०२२ उजाडलं. एकशेदहा वर्षं! त्या वेळी विस्लांडरच्या घरच्यांनी सांगितलं की आपल्याला दिलेलं ते सुवर्ण विस्लांडरने कधी मनाने स्वीकारलंच नव्हतं. मला या स्वीडिश माणसाबद्दलही फार आदर वाटतो.

आता नातवाच्या आकड्यांकडे येतो. थॉर्पचे ८४१२ गुण १९१२ च्या कोष्टकाप्रमाणे. आजच्या कोष्टकाने तीच कामगिरी ६५६४ गुणांची होते. केविन मायरचा २०१८ चा विक्रम ९१२६ आहे. नातू म्हणेल, बघा आजोबा, कुठे ६५६४ आणि कुठे ९१२६! पण बाळा, तेव्हा कोळशाच्या राखेची धावपट्टी होती. सुरुवातीला पायाने खड्डा करून उभं राहायचं. उडी मारून पडायचं ते मातीवाळूत. एकाच माणसाच्या त्याच तीन दिवसांचे आधी ८४१२ झाले, मग शून्य झालं, मग अर्धा विजय झाला, मग पुन्हा पूर्ण. माणूस तोच, धावला तेवढाच. बदलत गेली ती वही, आणि वही लिहिणारे.

कौलांचंही तसंच. १९९९ मध्ये शतकाचा खेळाडू निवडायची लाट आली होती. असोसिएटेड प्रेसने बेब रूथला पहिला केला, थॉर्प तिसऱ्या जागी गेला. बीबीसीने मुहम्मद अलींना निवडलं. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने कार्ल लुईस आणि फॅनी ब्लँकर्स-कोएन यांना. एका वर्षात इतके 'सर्वांत मोठे' !

आता माझी गोष्ट.

मी इतिहास आणि मराठी शिकवायचो. लहान शाळा, म्हणून खेळाचा तासही माझ्याच गळ्यात. १९८६ साली आमच्या वर्गात ऊसतोडीवाल्यांच्या घरातला एक मुलगा होता. अनवाणी पळायचा, पण काय पळायचा! तालुक्याच्या स्पर्धेत पंधराशे मीटरला तो पहिला आला. दुसरा फक्कीच्या रेषेपासून इतका लांब होता की लोक हसू लागले.

दोन आठवड्यांनी दुसऱ्या एका शाळेने हरकत घेतली. सोळा वर्षांखालचा गट, आणि जनरल रजिस्टरप्रमाणे मुलगा तीन महिन्यांनी मोठा. त्या काळी उशिरा शाळेत आलेल्या मुलांची जन्मतारीख गुरुजी अंदाजाने १ जून टाकत, हे तुम्हाला माहीतच आहे. याचीही १ जूनच होती. प्रवेशअर्ज मी भरला होता. रजिस्टर न बघता, त्याच्या चेहऱ्याकडे बघून वर्ष टाकलं होतं. चौकशीचा कागद आला तेव्हा घाबरलो. नोकरी कायम होऊन फार दिवस झाले नव्हते. मी लिहून दिलं, "विद्यार्थ्याने चुकीची माहिती दिली."

त्याने मला काही सांगितलंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

हरकत मान्य झालीच असती, नियम नियमच होता. पण खोटेपणाचा शिक्का त्याच्यावर बसायला नको होता. पेला आणि प्रशस्तिपत्रक त्याच्याकडून मीच परत घेतलं. तो काही बोलला नाही. त्या वर्षी हंगामाला गेला तो शाळेत परत आला नाही.

काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तो भेटला. पाया पडला. हसत म्हणाला, "सर, तुम्ही माझा कप नेला होतात!" सगळे हसले. मी हसू शकलो नाही, आणि सगळ्यांसमोर खरं सांगूही शकलो नाही. थॉर्पबद्दल वाचताना वॉर्नरपाशी आलो की मी पान पुढे उलटू शकत नाही, त्याचं कारण हे.

तेव्हा, सर्वांत मोठा कोण? माझं मत थॉर्पलाच. दहा प्रकारांत एकट्याने जगाला मागे टाकणारा माणूस मला अजून दुसरा मोठा वाटत नाही. तुमचं मत वेगळं असेल तर अवश्य लिहा, वाद घालायला मजा येते. फक्त आकडा सांगताना तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि लिहिताना कोणाचं नाव खोडलं, तेही बघा.

त्या मुलाचा फोन नंबर मी मिळवला आहे. तो आता पन्नाशीचा आहे. हे लिहून झालं की त्याला फोन करणार आहे.