जबड्याची शस्त्रक्रिया आणि दातांचा रक्तपुरवठा

जबड्याची ठेवण सुधारण्यासाठी हाड कापून ते नव्या जागी बसवण्याच्या शस्त्रक्रियेमुळे दातांच्या आतील रक्ताभिसरणात बदल होतात. हे बदल बहुधा तात्पुरते असतात. वरच्या जबड्यावरील 'ल फोर १' या शस्त्रक्रियेच्या संदर्भात त्यांचा विशेष अभ्यास झाला आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक रने ल फोर यांनी १९०१ मध्ये वर्णिलेल्या अस्थिभंगाच्या रेषांवरून तिला हे नाव मिळाले.

रक्तपुरवठ्याचे मार्ग

दाताच्या गाभ्यातील मऊ ऊतीला दंतमज्जा किंवा पल्प म्हणतात. तिच्या रक्तवाहिन्या व चेतातंतू मुळाच्या टोकाकडील सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतात. 'ल फोर १' मध्ये दातांच्या मुळांच्या वर आडवा छेद घेतला जातो. त्यामुळे हाडातून दातांकडे येणाऱ्या अनेक वाहिन्या तुटतात. तरीही टाळू, हिरड्या व गाल यांच्या जोडलेल्या राहिलेल्या मऊ ऊतींमधून रक्त पोहोचत राहते. अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम बेल यांनी माकडांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. मुळांच्या टोकांना इजा होऊ नये म्हणून छेद त्यांच्यापासून साधारणतः किमान ५ मिलिमीटर वर ठेवतात.

संवेदना आणि रक्तप्रवाह

शस्त्रक्रियेनंतर अनेक दात थंड स्पर्शाच्या किंवा विद्युत चाचणीला काही महिने प्रतिसाद देत नाहीत. या चाचण्या चेतातंतूंची संवेदना तपासतात, रक्तप्रवाह नव्हे. त्यामुळे बधिर दात मृत असतोच असे नाही. केवळ प्रतिसाद नाही म्हणून रूट कॅनाल उपचार केल्यास जिवंत दंतमज्जा विनाकारण काढली जाऊ शकते. लेझर डॉप्लर तंत्राने वाहत्या रक्तपेशींवरून परावर्तित झालेल्या प्रकाशातील बदल टिपून प्रवाहाचा अंदाज घेता येतो. मात्र हिरड्यांतील रक्तप्रवाहाचे संकेत त्यात मिसळण्याची शक्यता असते.

गुंतागुंत

जबड्याचे अनेक तुकडे करणे, तो खूप दूर सरकवणे, टाळूची मऊ ऊती फाटणे आणि धूम्रपान यांमुळे रक्तपुरवठा खंडित होण्याचा धोका वाढतो. दंतमज्जा मृत झाल्यास दात काळसर पडणे, वेदना, सूज किंवा क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाशी गडद डाग अशी लक्षणे आढळू शकतात. यांपैकी दाताच्या रंगातील बदल काही वेळा आपोआप ओसरतो. म्हणून एकाच लक्षणावर न विसंबता ठरावीक काळाने पुन्हा तपासणी करून निदान केले जाते.