पॉलिमर फ्रेमचे पिस्तूल : निवड

ज्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाची मूठ आणि फ्रेम पोलादाऐवजी कठीण प्लास्टिकची असते, त्याला पॉलिमर फ्रेमचे पिस्तूल म्हणतात. नळी, मागेपुढे सरकणारी स्लाइड आणि आतले खटके मात्र पोलादाचेच राहतात. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीचे व्हीपी-७० (१९७०) हे या घडणीचे पहिले पिस्तूल. जगभर प्रसार झाला तो ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉक यांच्या ‘ग्लॉक १७’मुळे. १९८२ मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने ते स्वीकारले. त्याच्या मॅगझिनमध्ये १७ काडतुसे बसतात आणि मॅगझिन काढल्यावर वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आत असते. आपल्याकडे इशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारे ९ मि.मी.चे पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवर या जुन्या नमुन्यावरचे. त्यात काडतुसे १३ आणि वजन जवळपास किलोभर. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल ग्लॉक वापरते.

निवडीचा विचार भारतात दुकानापासून नव्हे, कायद्यापासून सुरू होतो. ९×१९ मि.मी. हे जगातले सर्वांत रुळलेले पिस्तूल-काडतूस आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये (सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या नळी-मापात) मोडते आणि परदेशी पॉलिमर पिस्तुले बहुतेक याच काडतुसाची. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला ०.३२ बोअर येते. जॉन ब्राउनिंगच्या या लहान काडतुसाची ऊर्जा ९ मि.मी.च्या साधारण एक-तृतीयांश. इशापूरचे ‘अशनी’ याच बोअरचे, पण पोलादी पिस्तूल. म्हणून परदेशी मासिकांतल्या तुलना वाचून मनात मॉडेल ठरवून ठेवणे व्यर्थ आहे.

उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीचा रहिवासी परवान्यासाठी अर्ज करतो तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. पोलिसांचा चौकशी अहवाल आल्याशिवाय अर्ज सहसा पुढे सरकत नाही. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. पैनगंगा अभयारण्याच्या कडेच्या या उमरखेड तालुक्यात शस्त्राची गरज सांगितली जाते ती बहुधा रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी. त्या कामाला पिस्तूल कुचकामी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी नळीच्या तोंडातून ठासायच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, आणि शेतकऱ्याने तीच वाट धरावी. पिस्तुलासाठी जिवाला धोका असल्याचे पटवून द्यावे लागते.

परवाना हाती आला की मग हाताचा प्रश्न. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून ते मुठीत घ्यावे. अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी मुठीच्या मागे जितकी वर बसेल तितकी चांगली. तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकते का? पकड न ढळवता अंगठा मॅगझिनच्या खटक्यापर्यंत पोहोचतो का? डाव्या हाताने स्लाइड पूर्ण मागे ओढता येते का? लहान हाताच्या माणसाची अडचण इथेच कळते. २०१० च्या सुमारास ग्लॉकने मुठीची पाठ बदलता येणारी चौथी पिढी आणली, ती याचसाठी. पोलादी मूठ अशी सहज बदलत नाही.

प्लास्टिकचे फायदे खरे आहेत. ते घामाने, पावसाने गंजत नाही आणि विदर्भाच्या मे महिन्यात धातूइतके चटके देत नाही. तोटाही खरा. फ्रेम हलकी असल्याने धक्का जास्त जाणवतो, नळी वर उसळते आणि दुसरी गोळी नेमावर आणायला वेळ लागतो. शिवाय अशा अनेक पिस्तुलांना बाहेरून दिसणारा घोडा नसतो, पुष्कळांना हाताने लावायचा सुरक्षा-खटकाही नसतो. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवण्याची सवय ज्याला नाही, त्याने असे शस्त्र घेऊच नये. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणावर भर दिला आहे. ते कागद पुरा करण्यापुरते उरकणे धोक्याचे.

नेमबाजीची गरज अगदी उलटी असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या प्रकारात ०.२२ बोअरचे पिस्तूल लागते, वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालते आणि चापावरचा दाब किमान १००० ग्रॅम हवा. स्थिरतेसाठी इथे वजन हवेसेच वाटते, आणि लाकडी मूठ हाताच्या ठशाप्रमाणे कोरून घेतात.

महाराष्ट्राचा या शस्त्रविद्येशी संबंध जुना आहे. देशी काडतुसांच्या बुडावर दिसणारी ‘के.एफ.’ ही अक्षरे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची (स्थापना १८६९). जानेवारी २०२१ मध्ये पुढे आलेले ९ मि.मी.चे ‘अस्मी’ मशीन-पिस्तूल लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेचे; त्याच्या खालच्या भागासाठी कार्बन फायबर वापरले आहे. ते लष्करी आहे, नागरिकांसाठी नाही.

परवान्याची वाट लांब वाटते म्हणून बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीसारख्या ठिकाणाहून येणारा गावठी कट्टा घेणे हा आडमार्ग गुन्ह्याचाच आहे. त्याची नळी फुटण्याची भीती वेगळी. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद होऊ शकते. परवाना असूनही वरातीत हवेत निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा २०१९ पासून कायद्यात आहेत.