जट, कातर आणि पाणकुत्रा

१/ पूडल म्हटले की मानेभोवतीची आयाळ, कमरेपासून मागे गुळगुळीत भादरलेले अंग आणि पायांवरचे गोंडे डोळ्यांसमोर येतात. पाहणारा हसतो आणि श्रीमंतांचे चोचले म्हणून विषय सोडून देतो. पण ही ‘सिंहकातर’ दरबारात जन्मलेली नाही. ती दलदलीत जन्मली, पाण्यात पडलेले बदक तोंडात धरून काठावर आणणाऱ्या कष्टकरी कुत्र्याच्या अंगावर. आजचा धागा त्या कातरीविषयी आणि ती जिच्याविरुद्ध चालली त्या जटेविषयी.

२/ पाणी या कुत्र्याच्या नावातच आहे. जर्मन ‘पूडेल’चे मूळ पाण्यात डुंबण्याच्या क्रियापदात आहे. फ्रेंचांचा ‘कानिश’ हा शब्द बदकाच्या मादीवरून आला. त्याचा जुना भाऊबंद ‘बार्बे’ मात्र दाढीवरून ओळखला गेला.

३/ इतिहासाकडे वळण्यापूर्वी केस समजून घ्यायला हवा. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की, कुत्र्यांच्या केसांतील बहुतेक वैविध्य अवघ्या तीन जनुकांच्या फेरफारांतून येते: एक लांबीचे, एक कुरळेपणाचे, एक दाढीमिशांचे. इतर कुत्र्यांचा गळलेला केस जमिनीवर पडतो. कुरळ्या कुत्र्याचा गळलेला केस शेजारच्या जिवंत केसांच्या वळणात अडकून राहतो. केसाच्या पृष्ठावर सूक्ष्म खवले असतात. ओल आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत गुंततात आणि पुन्हा सुटत नाहीत. काश्मीरचा कारागीर लोकर भिजवून, दाबून, लाटून नमदा तयार करतो तो याच गुणावर. फरक इतकाच की, येथे नमदा जिवंत कातडीवर तयार होत असतो.

४/ म्हणून जट हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हे. कानामागे, काखेत, जांघेत, गळपट्ट्याखाली ती प्रथम धरते आणि कातडी ओढू लागते, इतकी की प्रत्येक पाऊल चिमटा काढते. आत हवा जात नाही, ओल सुकत नाही, कातडी चिघळते. दिवसभर तळ्यात उतरणाऱ्या कुत्र्याची काय गत होत असेल, याची कल्पना करावी.

५/ ती कल्पना सोळाव्या शतकातील एका वैद्याने केली होती. इंग्लंडच्या राजघराण्याचे वैद्य जॉन केयस यांनी स्विस निसर्गशास्त्रज्ञ कोनराड गेसनर यांच्यासाठी ब्रिटिश कुत्र्यांवर लॅटिन टिपण लिहिले. ते १५७० मध्ये छापले गेले आणि १५७६ मध्ये इंग्रजीत आले. त्यात पाणकुत्र्याचे लांब, राठ, कुरळे केस निसर्गदत्त असल्याचे सांगून केयस म्हणतात की, आपण मात्र त्याचे वर्णन खांद्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत भादरलेल्या रूपात केले आहे. कारण प्रघातच तसा आहे. जादा केस उतरले की कुत्रा हलका होतो आणि पोहताना अडत नाही. नेम चुकून पाण्यात पडलेले बाण शोधून आणणे हेही त्याच्या कामांपैकी एक होते.

६/ मात्र खरे वकीलपत्र घेतले ते जर्व्हेस मार्कम या लेखकाने, १६२१ साली. पक्षी पकडण्याच्या कलेवरील त्याच्या पुस्तकात पाणकुत्र्याच्या कातरीची चर्चा एखाद्या खटल्यासारखी चालते. निसर्गाने मागच्या अंगाला दाट केस दिले, कारण पोहताना तोच भाग अधिक खोल बुडतो. तरीही उन्हाळ्यात तो भार असह्य होतो, कुत्रा लवकर थकतो, त्याला खरूज होते, आणि पाण्यात तो मंदावतो. म्हणून बेंबीपासून मागे भादरावे. पण पायापासून नाकपुडीपर्यंत सरसकट भादरणे मार्कमला अजिबात मान्य नाही. तसे केल्याने कुत्रा गारठतो आणि अखेरीस पाण्याचाच तिटकारा करू लागतो. नीट राखलेला एक साधा जमिनीवरचा स्पॅनियल थंड पाण्यात असल्या वीस अतिभादरलेल्या कुत्र्यांना दमवील, असे तो ठासून सांगतो. वीस हा आकडा अर्थातच त्राग्याचा आहे, मोजणीचा नव्हे.

७/ येथे एक लोकप्रिय समज तपासून घेतला पाहिजे. पायांवरचे गोंडे सांधे उबदार ठेवण्यासाठी असत, असे आज सर्रास सांगितले जाते. केयस आणि मार्कम यांच्या या उताऱ्यांत सांध्यांचा किंवा गोंड्यांचा उल्लेखही नाही. त्यांना हवे होते ते दोनच: मागचे अंग हलके आणि पुढचे झाकलेले. गोंडे ही पुढच्या काळाची हौस असावी आणि तिला उपयुक्ततेचे कारण मागाहून चिकटले असावे, असे मला वाटते.

८/ शिकारीचा हा कुत्रा लवकरच राजकारणातही ओढला गेला. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजपक्षाचा सेनानी प्रिन्स रूपर्ट याच्यासोबत ‘बॉय’ नावाचा पांढरा पाणकुत्रा असे. १६४३ च्या सुमाराच्या पत्रकांत हा कुत्रा चेटूक करतो, असे छापून आले. संसदपक्षाच्या भाबड्या अंधश्रद्धेचा नमुना म्हणून ही गोष्ट आजवर सांगितली जाई. इतिहासकार मार्क स्टॉयल यांनी २०११ च्या ग्रंथात वेगळी बाजू मांडली: ही दंतकथा घडवण्यात, विरोधकांची टर उडवण्यासाठी, राजपक्षाच्या विनोदी लेखकांचाच मोठा हात होता. बॉय बिचारा २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला.

९/ पुढे कातर शहरात आली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या पाँ नफ पुलाजवळ आणि सेन नदीच्या काठावर कुत्री भादरणारे बसत. हत्यारांची पेटी, गुडघ्यांत धरलेला कुत्रा आणि शेजारी ताटकळणारा मालक. मांजरांची खच्ची करणे आणि घरी येऊन काम करणे हेही त्यांच्या पाट्यांवर असे. १८२० च्या आसपासच्या शिळाछापांत हे काम करणाऱ्या स्त्रियाही दिसतात. कुत्र्याचा न्हावी ही आजकालची चैन आहे असे मानणाऱ्यांनी ही चित्रे पाहावीत.

१०/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर जटेलाच सौंदर्य मानले गेले. प्रदर्शनांतील काही पूडलांचे केस विंचरायचेच नाहीत, त्यांच्या दोऱ्या वळू द्यायच्या, तेल लावायचे आणि जमिनीवर लोळू नयेत म्हणून बांधून ठेवायच्या, अशी रीत पडली. ती टिकली नाही. हंगेरीच्या पुली आणि कोमोन्दोर या जातींत मात्र अशा दोऱ्या आजही राखतात. पण तेथेही जट मोकाट सुटलेली नसते. प्रत्येक दोरी मुळापाशी हाताने वेगळी करावी लागते, नाहीतर सारे मिळून एकच पत्रा होतो. आंघोळीनंतर वाळायला पुष्कळ वेळ लागतो, आणि आत ओल राहिली तर दुर्गंधी सुटते.

११/ पुण्या-मुंबईच्या सदनिकांत पूडल आणि त्याचे संकर पाळणाऱ्यांपुढे तोच जुना खवलेदार केस आहे. विंचरणे आंघोळीच्या आधी, कारण भिजलेली गाठ वाळताना अधिक आवळते. ब्रश वरवर फिरवून उपयोग नाही. केसांचे थर उचलून कंगवा कातडीपर्यंत पोहोचला पाहिजे. गाठ मुळाशी बोटांनी धरून टोकाकडून सोडवत यावी. कात्री मात्र दूर ठेवावी: गाठीत कातडी ओढली गेलेली असते आणि केस कोठे संपतो ते दिसत नाही. घट्ट गाठ यंत्रानेच, कातडीलगत, सावकाश काढावी.

१२/ आणि सर्वांगावर पत्रा धरला असेल तर? तेव्हा मार्कमचा सल्ला बाजूला ठेवून सारे केस उतरवावेत. त्याचा कुत्रा दुसऱ्या दिवशी पुन्हा गार पाण्यात उतरणार होता. आपला उतरणार नाही. काही आठवडे त्याला ऊन आणि गारठा यांपासून जपावे. केस पुन्हा येतात. कंगव्याचे काम त्यांच्या पहिल्या वळणापासूनच सुरू करावे.