बाबासाहेबांच्या आठवणी : पन्नाशीनंतरचं वाचन



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपलं सविस्तर आत्मचरित्र लिहिलं नाही. मात्र ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्यांच्या आठवणींचं एक हस्तलिखित मागे राहिलं. 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकेच्या रूपाने छापलं. 1993 साली महाराष्ट्र शासनाच्या बाराव्या खंडातही ते आलं. ऐवज थोड्या पानांचा, पण घराघरांत असावा असा.

तरुणपणी आम्ही तो नांदेडला मराठी अनुवादातून वाचला. दिवस नामांतराचे. नोव्हेंबर 1993 मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडातच आत्मदहन केलं होतं, 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं. रक्त गरम होतं. मसूर स्टेशनावर ताटकळलेली, पाण्याविना रात्र काढणारी लेकरं, बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून काठ्या दाखवून बाहेर काढलेले विद्वान बाबासाहेब, एवढंच ध्यानात राहिलं. वाचून मुठी आवळल्या जात.

पुढे पोटासाठी लातूरला डाळ मिलमध्ये आलो. तिथंच हयात गेली. आता पन्नाशी उलटल्यावर तेच पुस्तक पुन्हा वाचताना दोन गोष्टी नव्याने दिसतात.

पहिली, दौलताबादचा प्रसंग. साल 1934. वेरूळला निघालेले बाबासाहेब आणि सोबतचे कार्यकर्ते किल्ल्याच्या दाराशी थांबले. प्रवासाची धूळ म्हणून हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. लगेच ‘हौद बाटवला’ म्हणून ओरडा झाला. शेवटी कुठल्याही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना आत सोडलं. ओरडणारे मुसलमान होते. अस्पृश्यता धर्माची हद्द ओलांडून कशी पसरली, ते बाबासाहेब इथं दाखवतात. महाडचा सत्याग्रह 1927 चा, त्यानंतर गोलमेज परिषदा झालेल्या. एवढ्या मोठ्या माणसामागे पाण्यासाठी पहारा! दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. आपलं नांदेड आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं लातूरही त्याच राज्यात. मग आपल्या आजा-पणज्यांनी कोणत्या विहिरीवर काय सोसलं असेल? त्यातलं फार थोडं कागदावर आलं.

दुसरी गोष्ट म्हंजे, शेवटचे दोन प्रसंग बाबासाहेबांचे स्वतःचे नाहीतच. एक काठियावाडातल्या शिक्षकाचा. त्याच्या बाळंतीण बायकोला डॉक्टरने हात लावून तपासलं नाही, ती गेली. दुसरा सफाई कामगार समाजातल्या एका तरुणाचा. खेडा जिल्ह्यात बोरसदला तलाठ्याची नोकरी लागली, पण जातीमुळे ती करणं मुश्कील झालं. 6 मार्च 1938 ला दादरच्या कासारवाडीत भरलेल्या सभेत त्याने ती हकीकत सांगितली. स्वतःच्या आठवणींत बाबासाहेबांनी या अनोळखी माणसांना जागा दिली, साल आणि ठिकाण सांगून. तरुणपणी ही पानं आम्ही भरभर उलटायचो. आज तीच जास्त मोलाची वाटतात.

निजामी राजवट 17 सप्टेंबर 1948 ला संपली. ती डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. आपल्या विहारात एक वही ठेवावी, रविवारी पोरापोरींनी म्हाताऱ्यांजवळ बसावं. काय घडलं, कुठं घडलं, कोणत्या साली, पाणी कोणी दिलं, कोणी नाकारलं, सगळं लिहून घ्यावं. भाषा शुद्ध नसली तरी चालेल, हकीकत खरी पाहिजे. आजीचं बोलणं तिच्याच शब्दांत उतरवावं. बाबासाहेबांनी वाट घालून दिली आहे, वहीची पुढची पानं आपल्याला भरायची आहेत.

जय भीम!