बॅगेतून आलेलं भांडण

टोरांटोला येऊन काही वर्षं झाल्यावर आम्ही पहिलं घर घेतलं, तेव्हाची गोष्ट. घरपट्टीच्या कागदांबरोबर एक फॉर्म आला. तुमचा शाळेचा कर सार्वजनिक शाळांना द्यायचा की कॅथलिक शाळांना, असा त्यात प्रश्न होता. मी बुचकळ्यात पडलो. इतक्या पुढारलेल्या देशात सरकारला आमच्या धर्माशी काय देणंघेणं? शेजारी एक वृद्ध आयरिश गृहस्थ राहायचे. त्यांना विचारलं तर हसून म्हणाले, "बसा, चहा घ्या. ही गोष्ट चारशे वर्षांची आहे, लवकर संपायची नाही."

खरंच संपत नाही. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने जर्मनीत पोपच्या सत्तेला आव्हान दिलं आणि युरोपातला ख्रिस्ती समाज दुभंगला. फ्रान्समध्ये २४ ऑगस्ट १५७२ रोजी पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल सुरू झाली. १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने नांतचा जाहीरनामा काढून त्यांना संरक्षण दिलं, पण १६८५ मध्ये त्याच्याच नातवाने, चौदाव्या लुईने, ते काढूनही घेतलं. मध्य युरोपात १६१८ पासून तीस वर्षं युद्ध पेटलं होतं. ते १६४८ मध्ये वेस्टफालियाच्या तहाने थांबलं, तेव्हा आपल्याकडे शिवाजीराजे स्वराज्याची पहिली पावलं टाकत होते.

या भांडणाने अटलांटिक कधी ओलांडला? अगदी सुरुवातीलाच! शांप्लेनने १६०८ साली क्वेबेक वसवलं, ते ज्याच्या वतीने, तो द मों हा प्रॉटेस्टंट होता. पण १६२७ साली रिशल्यूने वसाहतीसाठी नवी कंपनी काढली आणि तिच्या सनदेत वसाहतकरी कॅथलिकच हवेत अशी अट घातली. पुढे १७६३ मध्ये हा मुलुख प्रॉटेस्टंट इंग्रजांच्या हाती गेला. आता सूड उगवला जाणार असं वाटलं असेल. पण १७७४ च्या क्वेबेक कायद्याने कॅथलिकांना धर्म पाळण्याची मोकळीक दिली आणि धर्म न नाकारता सरकारी पद घेण्याचीही सोय केली. खुद्द ब्रिटनमधल्या कॅथलिकांना पार्लमेंटात बसायला १८२९ साल उजाडावं लागलं! हे इंग्रजांचं औदार्य होतं असं मात्र समजू नका. दक्षिणेकडच्या वसाहती बंडाच्या तयारीत होत्या, तेव्हा निदान क्वेबेक तरी शांत राहावं हा हिशेब त्यात होता.

आमच्या टोरांटोत हे भांडण आलं ते आयर्लंडमधून. तिथे १६९० मध्ये बॉइन नदीकाठी प्रॉटेस्टंट राजा विल्यम ऑफ ऑरेंजने कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सचा पराभव केला. त्याच्या नावाने १७९५ मध्ये ऑरेंज ऑर्डर ही संघटना निघाली. १८३० मध्ये ब्रॉकव्हिल इथे तिची इथली मध्यवर्ती शाखा स्थापन झाली. मग दर १२ जुलैला मिरवणूक, ढोल, नारिंगी पट्टे. कित्येक महापौर या संघटनेतले, नगरपालिकेत आणि पोलिसांत तिचाच वरचष्मा. लोक टोरांटोला 'कॅनडाचं बेलफास्ट' म्हणू लागले. १८७५ साली सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला कॅथलिकांच्या धार्मिक मिरवणुकींवर इथल्याच रस्त्यांवर दगडफेक झाली. महापौर मेडकाफ स्वतः ऑरेंज संघटनेतले, पण त्यांनी मिरवणुकीला संरक्षण दिलं. ही गोष्टही इतिहासात नोंदवायला हवी.

फॉर्मचं कोडं १८६७ च्या राज्यघटनेत आहे. ऑन्टारिओत कॅथलिक अल्पसंख्य, क्वेबेकमध्ये प्रॉटेस्टंट. दोघांच्या शाळांचे हक्क ९३ व्या कलमाने राखले, कारण त्यावाचून दोन्ही प्रांत एकत्र नांदणं कठीण होतं. क्वेबेकने १९९७ मध्ये घटनादुरुस्ती करून ही व्यवस्था मोडली. ऑन्टारिओत ती अजून चालू आहे. म्हणजे माझ्या घरी आलेला तो कागद हा एका जुन्या युद्धाचा तहनामाच होता!

पाहुणे आले की आपण त्यांना नेथन फिलिप्स चौकात नेतो, हिवाळ्यात स्केटिंग दाखवतो. हे फिलिप्स ज्यू होते. ऑरेंज संघटनेतले तत्कालीन महापौर लेस्ली सॉन्डर्स यांना हरवून १९५५ मध्ये ते महापौर झाले. या शहराचे ते पहिले बिगर-ख्रिस्ती महापौर. १२ जुलैची मिरवणूक संपली नाही, पण तिचा दरारा ओसरला.

शेजारच्या आजोबांनी चहाच्या शेवटी एक गोष्ट सांगितली. त्यांचे वडील कॅथलिक, आई प्रॉटेस्टंट. आईचे वडील लग्नाला आले नाहीत. अकरा वर्षं त्यांनी मुलीच्या घराची पायरी चढली नाही. "दोघंही एकाच देवाची प्रार्थना करत होते," आजोबा म्हणाले, "आणि माझ्या आजोबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या आजारपणात."

मी हळहळलो. 'काय हे लोक!' असंही मनात आलं. पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या मुलीने एका मराठी मुलाचं नाव घरात काढलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न होता, "आपल्यातला आहे ना?" तिने शांतपणे विचारलं, "बाबा, आपल्यातला म्हणजे नक्की कुठला? मराठी तर आहेच."

मला उत्तर सुचलं नाही. शेजारचे आजोबा तेव्हा हयात नव्हते, पण त्यांचा चहा आठवला. आयरिश लोक बोटीतून येताना ढोल आणि पट्टे घेऊन आले. आम्ही विमानातून येताना बॅगेत गोडा मसाला, गणपतीची मूर्ती आणि तळाशी न दिसणारं हेही आणलं होतं. कस्टमवाल्याने विचारलं नाही, म्हणून आम्हीही कधी उघडून पाहिलं नाही.

लग्न झालं. मी पहिल्या रांगेत होतो.