बाहेर काढणाऱ्या शब्दांची गोष्ट

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

मागच्या महिन्यात मी एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. एका ताईचे तीन हप्ते थकले होते. एक जण म्हणाली, "हिला गटातून काढा." दुसरी म्हणाली, "नुसतं काढून काय होतंय? वाळीतच टाका, म्हणजे येईल वळणावर." सगळ्या हसल्या. ती ताई मात्र हसली नाही.

घरी आल्यावरही ते शब्द डोक्यातून जाईनात. माणसाला बाहेर काढायला आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. पक्षातून हकालपट्टी, जमिनीवरून बेदखल, जिल्ह्यातून तडीपार, गावातून वाळीत. आपल्या पोरी शाळेत इंग्रजी शिकतात, त्यातही असेच आहेत. शाळेतून काढलं तर 'एक्स्पेल', घरातून किंवा शेतातून काढलं तर 'इव्हिक्ट', देशातून परत पाठवलं तर 'डिपोर्ट'. यातल्या दोन इंग्रजी शब्दांची गोष्ट आज सांगते. एक आहे 'ऑस्ट्रसाइझ' आणि दुसरा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, 'बॉयकॉट'.

पहिली गोष्ट ग्रीस देशातल्या अथेन्स शहराची, जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीची. कुणी पुढारी फार डोईजड होतोय असं वाटलं, तर तिथले नागरिक मतदान घ्यायचे. कागद नव्हता, म्हणून फुटक्या मडक्याच्या खापरीवर नाव कोरायचे. त्या खापरीला ते 'ऑस्ट्राकॉन' म्हणायचे, त्यावरून हा शब्द आला. मतदानाला सहा हजार खापऱ्या लागायच्या. ज्याचं नाव निघे त्याला दहा वर्षं शहर सोडावं लागे. घरदार, जमीन मात्र त्याचीच राही आणि मुदत संपल्यावर त्याला परत येता येई.

ऐकायला न्याय्य वाटतं, नाही का? पण मत फक्त पुरुष नागरिकांना होतं. बायकांना नाही, गुलामांना नाही. आणि पुढे उत्खननात एका विहिरीत थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्या सापडल्या. अक्षर तपासलं तर त्या जेमतेम १४ जणांनी लिहिलेल्या निघाल्या. म्हणजे कुणीतरी आधीच लिहून वाटायला ठेवल्या होत्या. कुणाला काढायचं हे बैठकीआधीच ठरवून यायची खोड तेव्हापासूनची आहे, बायांनो.

दुसरी गोष्ट आयर्लंडची, १८८० सालची. आयर्लंडवर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. जमीन मोठ्या जमीनदारांची आणि कसणारी कुळं गरीब. मेयो नावाच्या भागात लॉर्ड अर्न हे जमीनदार होते आणि त्यांचे कारभारी होते कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. आधीच्या वर्षी पिकं बुडाली होती. कुळं म्हणाली, खंड शेकडा २५ ने कमी करा. जमीनदार शेकडा १० च्या वर जाईना. ११ कुळांना बेदखल करायचं ठरलं.

सप्टेंबर महिन्यात पोलीस घेऊन नोटिशी वाटणारा माणूस आला. नोटीस कुळाच्या किंवा त्याच्या बायकोच्या हातात पडली पाहिजे, असा नियम होता. तीन घरांत ती पडली. चौथ्या घरातल्या बाईनं घ्यायला नकार दिला आणि लाल निशाण हलवून आजूबाजूच्या बायकांना इशारा केला. बायका धावून आल्या. चिखल, शेण, दगड, जे हाती लागलं ते फेकून त्यांनी त्या माणसाला पळवून लावलं.

मग सगळ्यांनी मिळून कारभाऱ्याशी संबंधच तोडला. गडी-मोलकरणी काम सोडून गेल्या. लोहार नाल ठोकेना, परटीण कपडे धुवेना, दुकानदार माल देईना. बटाटे, सलगम शेतात उभे राहिले. ते काढायला बाहेरून ५० मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो शिपाई. सुमारे ५०० पौंडांचं पीक वाचवायला १० हजार पौंड खर्च झाल्याचं सांगतात. नोव्हेंबरअखेर बॉयकॉटसाहेब ते घर सोडून निघून गेले.

त्या भागात जॉन ओमॅली नावाचे एक पाद्री होते. या प्रकाराला नाव काय द्यायचं, असा प्रश्न निघाला. 'ऑस्ट्रसाइझ' हा शब्द आपल्या शेतकऱ्यांना जड जाईल, असं त्यांना वाटलं. मग त्यांनीच सुचवलं, 'बॉयकॉट' म्हणू या. असा जिवंत माणसाच्या आडनावाचा शब्द झाला.

आता आपल्याकडे या. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं. त्यांच्या मुरुड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. ते घरी येऊन राहिले तर घरच्यांनाही बहिष्कार, असंही ठरवलं. आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून, देवळापासून दूर ठेवलं, त्यांच्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली वर्तमानपत्र काढलं, तेव्हा नावच दिलं 'बहिष्कृत भारत'. जो शब्द अंगावर फेकला, तोच त्यांनी मथळ्यावर लावला.

मेयोत गरिबांनी मिळून बळवंताची सेवा नाकारली, कारण तो त्यांना घराबाहेर काढत होता. मुरुडात सगळं गाव एका जोडप्यावर उलटलं. दोन्हींना शब्द एकच, पण गोष्ट एक नाही. म्हणून असा शब्द कानावर आला की आधी विचारायचं, बळ कुणाच्या बाजूला आहे?

आपल्या राज्यात आता याला कायदा आहे. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ साली विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला. कुणाचं पाणी, दुकान, देऊळ, लग्नकार्य, बोलणंचालणं बंद करायला लावणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जिच्यावर बहिष्कार पडला ती किंवा तिच्या घरचं माणूस पोलिसांत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतं.

गटाला नियम हवेतच. हप्ता थकला तर विचारायचं, मुदत द्यायची, लेखी कळवायचं आणि नाहीच जमलं तर तिची बचत हिशोबानं परत करून सभासदत्व संपवायचं. पण ते गटापुरतं. हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, नळावर तोंड फिरवायचं, हे कुठल्याच गटाच्या नियमात बसत नाही.

त्या बैठकीत शेवटी एका म्हाताऱ्या मावशींनी त्या ताईला विचारलं, "बाई, हप्ता का थकला?" सोयाबीनचे पैसे व्यापाऱ्यानं अजून दिले नव्हते. तोवर कुणी विचारलंच नव्हतं. गटानं दोन महिन्यांची मुदत दिली आणि पुढच्या सोमवारी चार जणी तिच्यासोबत त्या व्यापाऱ्याकडे गेल्या.

तुमच्या गटात कुणाला काढायची वेळ आली, तर हात वर करण्याआधी त्या मावशींसारखं एकदा विचारा.